तुझी सही सुटली

सांगली,
१२ जून २०२५

प्रिय दिन्या,

सोबत बँकेच्या पत्राची झेरॉक्स जोडली आहे. आधी ती वाच, मग हे. तिसऱ्या परिच्छेदात तुझं नाव आहे आणि तू जामीनदार म्हणून आता कशालाही बांधील नाहीस असं स्पष्ट लिहिलंय. या एका ओळीसाठी मी अकरा दिवस बँकेच्या पायऱ्या झिजवल्या.

दोन वर्षं तुझा फोन उचलला नाही. सबबी देत नाही, तोंड नव्हतं. तुला बँकेची साठ दिवसांत कर्ज भरा अशी नोटीस गेली तेव्हासुद्धा गप्प राहिलो. तुझ्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, माझं थकलेलं खातं दिसत होतं, त्यात सईचं शिक्षणाचं कर्ज अडकलं, हे मला वहिनींकडून कळलं. त्या रात्री पहिल्यांदा वहीत सगळी देणी लिहून काढली. तोवर मी फक्त फोनच्या आवाजाला घाबरत होतो, एकूण आकडा किती हे मलाच माहीत नव्हतं.

छपाईच्या मशीनचं कर्ज २०१८ चं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, मारुती चौकातल्या गाळ्यात कागदाच्या रिमा फुगून लगदा झाल्या, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. मग लॉकडाऊन. पन्नास माणसांच्या लग्नाला पत्रिका कोण छापतो? सहा महिने हप्ता पुढे ढकलला, पण व्याज चालूच होतं. २०२१ ला परत पाणी. डिसेंबरात खातं एनपीए झालं, म्हणजे बँकेने थकीत-बुडीतात टाकलं.

बँक मागत होती १३,६२,०००. मी खात्याचा पूर्ण उतारा मागितला, तेव्हा मुद्दल फक्त ८,४०,००० निघालं. बाकी व्याज, व्याजावर व्याज आणि दंड. मी सहा लाख म्हणालो. वसुलीचे साहेब हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, "मुद्दलाच्या खाली उतरू नका, मला ते वर पाठवताच येणार नाही. व्याजावर बोला." तिथून खरं बोलणं सुरू झालं. त्यांनी एनपीएच्या तारखेपासून सहा टक्के सरळव्याज धरून १०,०४,००० काढले. मी ९,६०,००० वर अडून बसलो, पण हातात एक गोष्ट होती: मार्चएंड. "चौथा हिस्सा ३१ मार्चच्या आत भरतो, बाकी मेअखेर," म्हटलं. त्यांनाही वर्षअखेरीला थकबाकी कमी दाखवायची असते. संचालकांकडून मंजुरी आली.

मंजुरीपत्राच्या पहिल्या मसुद्यात तुझं नाव नव्हतं. क्लार्क म्हणाला, "खातं बंद झालं की जामीनदार आपोआप सुटतो हो." सुटतोही. पण कायद्याने तुझी जबाबदारी माझ्याइतकीच, आणि उद्या कुठल्या रजिस्टरात तुझं नाव राहिलं तर तू पुण्याहून येऊन कुणाला विचारणार? म्हणून अडून बसलो. दुसरं एक कलम वाचून मात्र पोटात गोळा आला. एक हप्ता जरी चुकला तरी तडजोड रद्द, आणि भरलेलं सगळं मूळ १३,६२,००० मध्ये जमा.

पैसे असे उभे केले. छपाईची ऑफसेट मशीन निपाणीच्या एकाला ३,४०,००० ला दिली. मशीन तारण असल्यामुळे बँकेची लेखी परवानगी घेतली आणि रक्कम थेट कर्जखात्यात भरायला लावली. गावच्या दीड गुंठ्यातला माझा हिस्सा दादाने ५,५०,००० ला घेतला. बाजारभावापेक्षा कमीच दिले, पण त्यावर मी बोलणार नाही. उरलेले ७०,००० भिशीचे.

क्रेडिट कार्डाची कथा वेगळी, तिथे माणूस कधी दिसलाच नाही. ६२,००० चे १,४८,००० झाले होते. एजन्सीची पोरगी फोनवर म्हणे, "आज चाळीस भरा, विषय संपला." बँकेचं पत्र मागितलं की फोन कट. एकदा रात्री नऊला फोन आला, तेव्हा मी म्हटलं, रिझर्व्ह बँकेने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला मनाई केलीय. त्यानंतर तिचा सूर बदलला. गेल्या सप्टेंबरात लोकअदालतीची नोटीस आली, हिला वाटलं आता अटकच. विजयनगरच्या कोर्टात गेलो तर टेबलांची रांग, प्रत्येक बँकेची फाईल. ५८,००० वर मिटलं. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमाइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. म्हणून खिशात पैसे असल्याशिवाय सही केली नाही. सिबिलवर मात्र 'सेटल्ड' असं राहिलंय. म्हणजे पूर्ण फेड नव्हे, घासाघीस करून मिटवलेलं. कुणी नवं कर्ज देणार नाही. मलाही नकोच आहे.

आणि आपले कागदवाले शेठ. त्यांचे १,८५,००० होते, कसलाच कागद नाही, नुसती त्यांच्या वहीतली नोंद. त्यांच्याकडे मी एक रुपया कमी करा म्हणालो नाही. गाळ्यात पाणी शिरलं त्या आठवड्यात त्यांनी न मागता वीस रिमा पाठवल्या होत्या. म्हणाले, "व्याज सोडलं, पण दर महिन्याच्या पाच तारखेला स्वतः ये." जातो. पाच हजार देतो, चहा पितो. अजून दीड लाख बाकी आहेत. आवाज करणाऱ्यांना आधी दिलं आणि ह्यांना मागे ठेवलं, हे मला अजून खटकतं.

घराचे मूळ कागद परवा मिळाले. पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत द्यावेच लागतात, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये बँकेवर पडतात, हे साहेबांनीच सांगितलं. आता प्रॉपर्टी कार्डावरचा बोजा उतरवायला सिटी सर्व्हेत खेपा चालू आहेत.

महिन्याभराने तुझा सिबिल रिपोर्ट काढून बघ, वर्षातून एकदा फुकट मिळतो. माझं खातं अजून थकीत दिसलं तर ही झेरॉक्स जोडून तक्रार कर आणि मला लगेच कळव, मी बँकेत जाऊन बसतो. सईच्या फॉर्मचं काय झालं? यंदा परत भरणार असेल तर मूळ पत्र घेऊन मी स्वतः पुण्याला येतो.

फोन करणार होतो. तीनदा नंबर काढला. मग म्हटलं, पत्रच बरं, मध्येच कापता येत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुध्या