बाळंतिणीची उदासी दोन आठवड्यांनंतरही ओसरली नाही तर

महोदय,

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे, चिडचिड होणे बहुतेक जणींना होते. दोन आठवड्यांत ते ओसरते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ झोपले तरी आईला झोप लागेना, ‘मी आई व्हायला लायकच नाही’ असे वाटू लागले, तर ते प्रसूतिपश्चात नैराश्य असू शकते. ‘सव्वा महिना होऊ दे, दृष्ट काढा’ म्हणण्यात वेळ जातो.

हे नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिंबरो प्रश्नावलीत मागील सात दिवसांविषयी 10 प्रश्न असतात, गुण 30 पैकी. साधारणपणे 13 किंवा अधिक आले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. त्याला ‘कधीच नाही’ सोडून दुसरे उत्तर आले, तर एकूण गुण कमी असले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हे प्रश्न सासू किंवा नवऱ्यासमोर विचारू नयेत. खरे उत्तर मिळत नाही. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावे.

आशाताईंच्या बाळंतपणानंतरच्या नेमाच्या घरभेटी 42व्या दिवसापर्यंत असतात, पण नैराश्य वर्षभरात कधीही सुरू होते. म्हणून नाशिक महापालिकेच्या दवाखान्यांत आणि पेठ-सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रांत 6, 10 व 14 आठवड्यांच्या लसीकरणावेळी ही प्रश्नावली भरून घ्यावी. बाळाचे वजन होते, आईला मात्र कुणी विचारत नाही!

सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधे स्तनपान चालू ठेवून घेता येतात; बरे वाटताच ती परस्पर बंद करू नयेत. भास, असंबद्ध बोलणे, बाळाविषयी विचित्र संशय दिसला तर लगेच रुग्णालयात न्यावे, बाळ-बाळंतिणीला एकटे ठेवू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत असून मराठीत बोलता येते.

— एक समुपदेशक, नाशिक रोड