अणू आणि रेणू यांची अदलाबदल थांबावी

संपादक महोदय,

'पाण्याचा अणू', 'कार्बन डायऑक्साइडचे अणू' असे शब्दप्रयोग विज्ञानविषयक मराठी मजकुरात सर्रास दिसू लागले आहेत. पाण्याचा रेणू असतो. हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक असे तीन अणू मिळून तो बनतो. ही चूक बहुतेकदा हिंदीवरून भाषांतर करताना शिरते. ॲटमला हिंदीत 'परमाणु' म्हणतात आणि मॉलिक्यूलला 'अणु'. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. ओळखीचा दिसतो म्हणून हिंदीतला 'अणु' तसाच उचलला की अर्थ बदलतो. हिंदी परिभाषा चुकीची आहे असे नाही. वैशेषिक दर्शन या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानातही परमाणू हाच अविभाज्य कण आहे आणि दोन परमाणूंचे मिळून द्व्यणुक होते. मराठी शालेय पुस्तकांत मात्र अणू-रेणू हीच जोडी रुळलेली आहे, तेव्हा मराठीत लिहिताना तीच पाळायला हवी.

यात खरे नुकसान विद्यार्थ्यांचे होते. हिंदी पुस्तकात ऑक्सिजनचा 'अणुभार' ३२ दिलेला असतो, तो बरोबरच आहे. त्याचे मराठीत 'अणुवस्तुमान ३२' केले की घोटाळा होतो, कारण ऑक्सिजनचे अणुवस्तुमान १६ आहे. ३२ हे रेणुवस्तुमान. तो चुकीचा आकडा धरून पाण्याचे रेणुवस्तुमान काढले तर १८ ऐवजी ३४ येते, आणि ३४ हे हायड्रोजन पेरॉक्साइडचे! मोलची (मोल म्हणजे पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे रसायनशास्त्रातले एकक) पुढची सगळी गणिते तिथेच फसतात.

'आण्विक' या विशेषणाबाबत तर अधिकच जपायला हवे. आरटी-पीसीआर ही मॉलिक्युलर चाचणी. हिंदीतल्या 'आणविक' वरून तिला मराठीत 'आण्विक चाचणी' म्हटले, तर वाचकाला १९७४ आणि १९९८ सालच्या पोखरणच्या अणुचाचण्या आठवतील. तिथे 'रेण्वीय' हवे, किंवा सरळ 'मॉलिक्युलर' लिहावे.

उलट टोकाची चूकही होते. मिठाचा 'रेणू' म्हणणे बरोबर नाही. मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोराइड आयनांची (विद्युतभारित कणांची) सलग जाळी असते, सुटे रेणू नसतात. हेलियमसारख्या निष्क्रिय वायूंचे अणू मात्र एकेकटेच वावरतात.

लेखनाचेही तेच. सुटा शब्द दीर्घ: अणू, रेणू. सामासिक शब्दात तो आधी आला की ऱ्हस्व: अणुऊर्जा, अणुभट्टी, रेणुसूत्र.

मजकूर तपासताना शक्य तिथे मूळ इंग्रजी शब्द पाहावा. मूळ हिंदी असेल तर 'परमाणु'चा अणू आणि 'अणु'चा रेणू करावा. 'परमाणु ऊर्जा', 'परमाणु बम' यांना मराठीत अणुऊर्जा आणि अणुबॉम्ब हे शब्द आहेतच. हिंदी बातम्यांत 'आणविक' कधीकधी अण्वस्त्रांसाठीही वापरतात. तेवढ्या ठिकाणी संदर्भ वाचूनच ठरवावे लागेल.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका