अठ्ठावीस दिवसांबद्दल आई-बाबांना पत्र

निपाणी,
गुरुवार, रात्री

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मावशीकडे येऊन मला आज सहा दिवस झाले. जे लिहायचे आहे ते फोनवर सांगण्याजोगे नाही. बाबा, तुम्हाला आता दोन्ही कानांनी फारसे ऐकू येत नाही, आणि तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी हे बोलले असते तर अनगोळच्या आपल्या गल्लीतल्या चार घरांनी ते ऐकले असते, म्हणून कागद घेतला. आई, हे पत्र तू एकटीने वाचू नकोस. बाबांच्या शेजारी बसून वाच.

मी मावशीच्या पोटची आहे, हे मला सोमवारी रात्री कळले.

हे सांगण्याचे तिच्या मनात नव्हते. ती १९८१ च्या तंबाखू आंदोलनाची गोष्ट सांगत होती. ही गोष्ट मी लहानपणापासून तिच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल याचा हिशेब नाही: तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या मागे हजारो शेतकरी १४ मार्चपासून पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले, गाड्या बंद झाल्या, पाडवा त्यातच गेला, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. दर वेळी ती "मग रस्ता खुला झाला" येथपर्यंत येई, पदराने तोंड पुसे आणि काहीतरी काम काढून आत जाई. सोमवारी तिला उठून जाता आले नाही. नाकात ऑक्सिजनची नळी होती, चार शब्दांनंतर दम लागत होता. "मग रस्ता खुला झाला," ती म्हणाली, "आणि तुला न्हेलं."

आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आले आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवले. मी पुष्कळ वेळ तिच्या पायांवरून हात फिरवत बसले. पहाटेपर्यंत, थांबत थांबत, तिने बाकीचे सांगितले. तुम्हाला ते ठाऊकच आहे, परंतु मला काय कळले आहे हे तुम्हालाही नेमके कळावे म्हणून लिहिते. काका गेले तेव्हा मी तिच्या पोटात पाच महिन्यांची होते, पदरी दोन दादा होते, आणि तुमच्या लग्नाला अकरा वर्षे होऊनही पाळणा हलला नव्हता. बाराव्या दिवशी बारसे करून तुम्ही मला घेऊन जायचे ठरले होते. माझा जन्म १३ मार्चचा. दुसऱ्याच दिवशी रस्ता अडला. तुम्ही निपाणीला पोचलात तेव्हा १० एप्रिल उजाडला होता.

"बारा दिसांची बोली हुती, अठ्ठावीस मिळालं," असे तिने मला बोटांवर मोजून दाखवले. ते जास्तीचे सोळा दिवस आपल्याला त्या आंदोलनामुळे मिळाले, आणि त्याच आंदोलनात दुसऱ्यांच्या घरची कर्ती माणसे गेली, याचे ओझे तिने जन्मभर वागवले आहे. ज्यांच्या घरचे माणूस गेले अशी कोणी बाई पुढे आली की मान वर करवत नसे, असे ती म्हणाली. मी तिला समजावून पाहिले, पण तिला ते पटले असे वाटत नाही.

मला नेल्यानंतर चौथ्या दिवशी ती छातीला घट्ट फडके बांधून वखारीत कामावर गेली. तंबाखू चाळताना उडणारी धूळ, त्यात सारखा खोकला आणि शिंका, आणि आतून फडके भिजत होते. शेजारच्या बायकांना ते दिसत होते, पण कोणी काही विचारले नाही. आई, ती आपल्याकडे यायची तेव्हा आल्या आल्या मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची, वास घेऊन पाहायची आणि पुन्हा धुवायची, हे तुलाही आठवत असेल. एवढे करूनही तिने मला कधी जवळ घेतले नाही. मावशी माझ्यावर माया करत नाही, अशी तक्रार मी एकदा तुझ्याकडे केली होती. तेव्हा तू काहीच न बोलता स्वयंपाकघरात निघून गेलीस. त्या दिवशी तुला काय सोसावे लागले असेल, याचा विचार मी या तीन दिवसांत पुष्कळ केला.

बाबा, माझी एक तक्रार आहे आणि ती मनात ठेवून मला तुमच्यासमोर बसता येणार नाही. तुम्ही चाळीस वर्षे दस्त लिहिलेत. विधवा आई आपले मूल दत्तक देऊ शकते, हे १९५६ च्या कायद्यात आहे आणि ते तुमच्याइतके कोणाला ठाऊक होते? लोकांची दत्तकपत्रे तुम्ही स्वच्छ अक्षरात लिहून दिलीत, माझे मात्र लिहिले नाहीत. दर १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधताना तुम्ही मला सांगायचात की १९५६ साली या मुलखातल्या माणसांना न विचारता त्यांचे राज्य बदलले, आणि न विचारल्याचे दुःख मोठे असते. तान्ह्या मुलाला कोणी विचारत नसते, हे मी समजू शकते. पण मी अठरा वर्षांची झाले, माझे लग्न झाले, मला मुले झाली. या सगळ्यात मला जवळ बसवून सांगण्यासारखा एकही दिवस आला नाही, हे माझे मन मानत नाही. मूल परत मागितले जाईल ही आईची भीती, आणि त्या भीतीपोटी तिने बहिणीला घातलेली शपथ, हे दोन्ही मावशीने मला सांगितले. ते सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. "तिची बी काय चूक?" एवढेच ती म्हणाली.

आता जे लिहिते आहे ते बाबांना ठाऊक आहे की नाही याची मला कल्पना नाही. आई, त्यांच्यासमोर लिहिल्याबद्दल रागावू नकोस. मावशीच्या उशीखाली माझे बावीस फोटो आहेत, पहिल्या वाढदिवसापासून लग्नाच्या आदल्या वर्षापर्यंतचे. तिची पाठवणी करताना तू ओटीत खण-नारळ घालायचीस, त्या खणाच्या घडीत दर वर्षी एक फोटो असायचा, असे ती म्हणाली. प्रत्येक फोटोच्या मागे तुझे अक्षर आहे, आणि माझे नाव मात्र एकावरही नाही. मावशीला वाचता येत नाही. घरात कोणाकडून वाचून घ्यावे तर शपथ मोडेल, म्हणून इतकी वर्षे ती ते फोटो उलटून नुसत्या तुझ्या अक्षरावरून बोट फिरवत आली.

मंगळवारी सकाळी तिने ते माझ्या हातात दिले. मी पहिला वाचला: "पावले टाकते. भिंत सोडून चार." दुसरा वाचला: "गोवर येऊन गेला. आता बरी आहे. काळजी करू नये." तिसरा वाचला: "झोपताना डावा कान धरते. तुझ्यासारखी." यानंतर मला पुढे वाचता आले नाही, आणि तिनेही फोटो काढून घेतले. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "बाकीचं तुझी आई वाचंल."

तिला वाचता येत नाही, हे तुला ठाऊक होते. तरीही तू बावीस वर्षे लिहीत राहिलीस. ते तू कोणासाठी लिहीत होतीस, हे मला तुला विचारायचे आहे. पण ते नंतर, आपण दोघीच असताना. मला दुसरी आई मिळाली म्हणून पहिली कमी होईल, ही भीती तुला अजून वाटत असेल तर ती सोडून दे. तापात मी आजही "आई ग" म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तूच असतेस. मावशीला मी मावशी म्हणूनच हाक मारते आहे. तिनेही दुसरे काही मागितले नाही.

डॉक्टरांनी तिला आता घरीच ठेवण्यास सांगितले आहे. दिवस किती, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. तिचे सगळे लक्ष दाराकडे असते. शपथ मोडली याची तिला टोचणी लागली आहे, आणि तुझ्या तोंडून "सुटली" हा शब्द ऐकल्याशिवाय ती जाईल असे मला वाटत नाही.

हे पत्र धाकट्या दादाच्या हाती देते आहे. तो सकाळच्या गाडीने बेळगावला येईल आणि परत येताना तुम्हा दोघांना भाड्याच्या मोटारीने घेऊन येईल, म्हणजे बाबांच्या गुडघ्यांना बसच्या पायऱ्यांचा त्रास होणार नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवस पुरतील एवढ्या बरोबर घ्याव्यात. बाबा, तुम्हीही यावे. मावशीने तुमची विचारपूस दोनदा केली आहे. आणि आई, बारीक अक्षर वाचायचा तो दुसरा चष्मा आठवणीने घे. एकोणीस फोटो वाचायचे राहिले आहेत.

तुमची लेक