पाच वर्षांच्या हमीचं सिरॅमिक कोटिंग आणि चार महिन्यांत पडलेला पोचा

टिळकवाडी, बेळगाव
दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पार्किंगमधल्या ओरखड्यांपासून संरक्षण देणारं म्हणून विकलेल्या सिरॅमिक कोटिंगबद्दल तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

गेल्या वर्षी दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, आमच्या घरात पहिली चारचाकी आली. मी शाळेत शिक्षिका आहे आणि माझे मिस्टर उद्यमबागेतल्या एका कारखान्यात काम करतात. सासऱ्यांचे गुडघे गेलेत, रिक्षात चढता-उतरताना त्यांचे फार हाल होतात, म्हणून कर्ज काढून गाडी घेतली. गडद निळा रंग त्यांनीच पसंत केला. गाडी दारात आली तेव्हा त्यांनी बोनेटवरून ज्या मायेने हात फिरवला, तो मी विसरलेले नाही. हे पत्र लिहायला बसण्याचं ते एक कारण आहे.

गाडी घेतल्यानंतर आठवड्याभरात सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसणारा संरक्षक थर, लावून घ्यायला आम्ही तुमच्या बेळगावच्या शाखेत आलो. बाहेर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत मोठा फलक होता : ‘पार्किंगमधले ओरखडे, दाराचे टोले विसरा. पाच वर्षे संरक्षण.’ तेच वाक्य तुमच्या माहितीपत्रकातही आहे, प्रत सोबत जोडते. आमची अडचण मी तिथे स्पष्ट सांगितली होती. गाडी आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलच्या पार्किंगला लागणार, बाजाराच्या दिवशी खडेबाजारात किंवा गणपत गल्लीच्या आसपास जागा मिळेल तिथे लागणार, आणि घरी गल्लीतच उघड्यावर राहणार. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “वहिनी, हे गाडीचं चिलखत आहे. ९ एच कडकपणा आहे. कुठंही बिनधास्त लावा.” आम्ही २२,००० रुपये भरले. वर एक कव्हर भेट मिळालं आणि ‘रोज रात्री घालायचंच’ अशी ताकीदही.

फेब्रुवारीत हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं दार आमच्या डाव्या बाजूच्या मागच्या दारावर आदळलं. अंगठा बसेल एवढा पोचा पडला आणि मधोमध रंगाचा टवका उडाला. ज्यांनी दार उघडलं ते निघून गेले होते. सासऱ्यांना धरून गाडीपाशी आणलं तेव्हा ते आधी त्या पोच्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “माझ्यामुळं गाडी इथं येते.” त्या वाक्याचा मला झालेला त्रास कुठल्याही बिलात मांडता येणार नाही.

मी तुमच्या शाखेला फोन केला. उत्तर मिळालं, “इन्शुरन्समधून करून घ्या.” पहिल्याच वर्षी क्लेम घेतला तर नूतनीकरणाच्या वेळी मिळणारी २० टक्के नो-क्लेम सवलत जाते, हे तुमच्या माणसांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

ऑगस्टमध्ये गणपतीच्या खरेदीला खडेबाजारात गेलो. तिथे दोन गाड्यांच्या मधल्या फटीतूनही दुचाकी काढतात. एका मोटरसायकलच्या हँडलचं टोक आमच्या पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत घासत गेलं. नख फिरवलं की त्या चऱ्यात अडकतं. नख अडकलं म्हणजे ओरखडा वरच्या पारदर्शक थराच्या आत गेला, तो नुसत्या पॉलिशने जाणार नाही, हे मला तेव्हा कळलं. या वेळी मी गाडी घेऊनच तुमच्याकडे आले. तुमच्या माणसाने काउंटरखालून वॉरंटी कार्ड काढून इंग्रजीतली बारीक अक्षरं दाखवली : आघात, ओरखडे, खडे लागणे यांवर हमी नाही. हमी फक्त चमक टिकण्याची, तीही दर सहा महिन्यांनी पैसे भरून सर्व्हिस करून घेतली तरच.

महोदय, फलकावर जे वचन आहे तेच कार्डात नाकारलेलं आहे. वचन मराठीत आणि कन्नडमध्ये, नकार मात्र इंग्रजीत. माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

मिस्टरांच्या ओळखीने आम्ही उद्यमबागेतल्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र दाराला लावून दाखवलं. कारखान्यातून येणारा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो आणि त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम ४०-५०. सिरॅमिक कोटिंगचा थर त्यावर एक-दोन मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. केसाच्या कितीतरी पट पातळ असलेला थर दाराचा टोला कसा झेलणार? आणि ‘९ एच’ हे माप पेन्सिलीच्या कडकपणाचं आहे, त्या चाचणीतली सगळ्यात कडक पेन्सिल ९ एच. मी मुलांना रोज पेन्सिली वापरताना बघते, पण हे मला माहीत नव्हतं. तुमच्या प्रतिनिधींकडून ते ऐकून मला दगडासारखं काहीतरी वाटलं, आणि तसं वाटावं म्हणूनच ते सांगितलेलं असावं.

कोटिंग निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पाणी त्यावरून ओघळून जातं, पक्ष्यांची विष्ठा लवकर रंग खात नाही, धुणं सोपं होतं, हे मी वर्षभर पाहिलं. पण ते काम वेगळं आणि तुम्ही विकलंत ते वेगळं. ओरखडा अंगावर घेणारी असते ती पारदर्शक फिल्म. ती १५०-२०० मायक्रॉन जाड असते आणि तिच्यावरचे बारीक चरे उन्हाच्या उष्णतेने भरूनही येतात. तिचा खर्च कोटिंगच्या कितीतरी पट, आणि जोराचा टोला बसला तर तिच्याखालीही पत्रा दबतोच. एवढं सरळ सांगितलं असतंत, तर मी विचार करून काय ते ठरवलं असतं.

मिस्त्रींनी आम्हाला महागडं काहीच घ्यायला लावलं नाही. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या दोन-तीन गाड्या आमच्या गाडीशेजारी लावल्या, एकेकीचं दार हळू उघडून त्याची कड आमच्या दारावर कुठे टेकते तिथे खडूने खूण केली आणि त्या उंचीवर रबरी बीडिंगची पट्टी चिकटवली. जुन्या गाड्यांना अशी काळी पट्टी कंपनीतूनच असायची, सासऱ्यांना ती बरोबर आठवली. खर्च आला १,४०० रुपये. गेल्या महिन्यात त्याच हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पुन्हा कुणाचं तरी दार लागलं. पांढऱ्या रंगाची खूण पट्टीवर आहे, पत्र्याला काही झालेलं नाही. फोटो जोडला आहे.

कव्हरबद्दलही लिहिलं पाहिजे. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत तांबडी धूळ उडते, पाइपलाइनसाठी रस्ता उकरला की जास्तच. तुमच्या सूचनेप्रमाणे आम्ही रोज रात्री कव्हर घातलं. रोज गाडी धुऊन मग कव्हर घालणं कुणाला शक्य आहे? आषाढात वारा सुटला की कव्हर रात्रभर फडफडायचं आणि खाली अडकलेल्या धुळीतले वाळूचे कण टपावर, बोनेटवर पॉलिश पेपरसारखे घासत राहायचे. आता उन्हात गाडी उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात. धुळकट गाडीवर कव्हर घालू नका, हे एक वाक्य तुमच्या ताकिदीत नव्हतं. उलट या चऱ्यांचा दोष तुमच्या शाखेने आमच्यावर टाकला, ‘कव्हर नीट वापरलं नाही’ म्हणून.

ऑगस्टमध्ये मी शाखेत थांबले होते तेव्हा खानापूरकडचे एक शेतकरी दादा नवी गाडी घेऊन आले होते. त्यांना तेच सांगितलं जात होतं, चिलखत, ९ एच, बिनधास्त लावा. मी मध्ये बोलले नाही. बोलायला हवं होतं.

माझं म्हणणं असं आहे. २२,००० रुपये परत करावेत. टपावरचे आणि बोनेटवरचे चरे काढण्याचा खर्च द्यावा, मिस्त्रींचा अंदाज सोबत आहे. ओरखड्यांपासून आणि टोल्यांपासून संरक्षणाचं वाक्य फलकावरून, माहितीपत्रकातून काढावं, आणि हमीच्या अटी फलक ज्या भाषांत आहे त्या मराठी आणि कन्नडमध्ये छापून पैसे घेण्याआधी ग्राहकाच्या हातात द्याव्यात. शेवटची मागणी माझ्या पैशांइतकीच महत्त्वाची आहे. इथल्या तालुक्यांतून माणसं मोठ्या कष्टाने पहिली गाडी घेतात आणि तिच्या काळजीपोटी तुमच्याकडे येतात.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल आणि सेवेतल्या त्रुटीबद्दल काय म्हणतो, ते मी वाचलं आहे. या कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी अजून फोन केलेला नाही, कारण आधी तुम्हाला संधी द्यावी असं मला वाटलं. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ते फोनवर नको, फोनवरची चार उत्तरं मी ऐकली आहेत.

सोबत पावती, माहितीपत्रक आणि वॉरंटी कार्डाच्या प्रती, फलकाचा व गाडीचे फोटो आणि मिस्त्रींचा लेखी अंदाज जोडला आहे. गाडी प्रत्यक्ष बघायची असेल तर कुठल्याही रविवारी घरी या. सासरे घरीच असतात, पहिला पोचा कुठे आणि कसा पडला ते तेच दाखवतील.

आपली,
एक ग्राहक
टिळकवाडी, बेळगाव