गेम अडकला की नेटला शिव्या

मा. संपादक,

चवथीच्या सुटीत मुले गेम खेळताना 'नेट नाही, नेट नाही' म्हणून ओरडतात, अशी एका वाचकाची तक्रार या सदरात वाचली. त्यावर चार ओळी.

गोव्यात साखळीला माझे झेरॉक्स आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. पुण्या-बंगळुरूची पोरे चवथीला गावी आली की संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम रंगतो. सगळ्यांचा गेम चालवणारा सर्व्हर म्हणजे एक जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. सगळ्या मशिनी एकाच नेटवर्क स्विचला जोडलेल्या, त्यामुळे बाहेरचे नेट गेले काय नि आले काय! तरी यंदा ऐन धुमश्चक्रीत सगळे जागच्या जागी थिजायचे. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येण्याचा वेळ, मात्र एक मिलिसेकंद. भाच्याने निकाल देऊन टाकला, "मामा, हे भंगारात घाला आता."

भंगारात घालण्याआधी मी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, गव्हर्नर पाहिला; प्रोसेसरचा वेग तो ठरवतो. 'ऑनडिमांड' होता. हा काटकसरी कारभारी. काम कमी दिसले की प्रोसेसरचा वेग उतरवतो. एरवी उत्तम. पण आमचा सर्व्हर सेकंदाला 64 टिक मारतो, म्हणजे दर 15.6 मिलिसेकंदांनी उठतो, चिमूटभर हिशेब करतो नि पुन्हा झोपतो. कारभाऱ्याला वाटते, हा तर नुसता लोळतोय. वेग उतरलेला असताना चौघे एकदम ग्रेनेड टाकतात, हिशेब वाढतो आणि टिक हुकतो. 'ऑनडिमांड'चे 'परफॉर्मन्स' केले, म्हणजे वेग कायम चढाच. शिवाय नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट (पाकीट आले की प्रोसेसरला मारलेल्या हाका) आणि गेम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर धक्काबुक्की करत होते, म्हणून टास्कसेट या कमांडने गेम शेजारच्या कोअरवर बसवला. थिजणे थांबले. खर्च शून्य.

भाच्याने तोवर कुठून तरी पंधरा सेटिंगा उतरवून आणल्या होत्या. बहुतेक टीसीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीच्या बफरच्या. गेमची पाकिटे जातात यूडीपी या दुसऱ्याच पद्धतीने! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. वर 1000 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजारदा घड्याळ पाहणारा, कर्नल बांधायचा हट्ट. 2006 साली मीही रात्र जागून तसला बांधला होता. तेव्हा 100 हर्ट्झच्या कर्नलवर झोपलेला प्रोग्रॅम दहा मिलिसेकंदांच्या घरातच उठायचा. 2007 पासून कर्नलमध्येच बारीक वेळ मोजणारे हाय-रिझोल्यूशन टायमर येऊ लागले आणि त्या जागरणातला अर्थ गेला.

पोराला दोष देत नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रोग्रॅमना पाळीपाळीने वेळ वाटणाऱ्या राउंड रॉबिनचा गॅन्ट चार्ट (वेळेचा तक्ता) डोळे मिटून काढतो. पण प्रोसेसर कोणाला कधी द्यायचा हे ठरवणारा शेड्युलर चालत्या मशिनीवर काय करतो, हे त्याला कॉलेजात कोणी दाखवलेलेच नाही. आपल्याकडच्या कॉलेजांनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला एक गेम सर्व्हर लावावा. हजेरीची चिंता मिटेल.

- एक दुकानदार, साखळी

ता. क. 'परफॉर्मन्स'वर पंखा फार घोंगावतो. रात्री अकराला क्रॉन (ठरल्या वेळी काम करणारा प्रोग्रॅम) पुन्हा 'ऑनडिमांड' करतो. विजेचे बिल मी भरतो, पोरे नाही.