हात काढून घ्यायला शिकवलंत, त्याबद्दल

प्रिय डॉक्टरताई,

तुमचं नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण गेल्या अकरा महिन्यांत आमच्या घरात जे घडलं ते तोंडावर सांगायला गेले की माझा गळा दाटतो आणि तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे, कारण आम्ही घाबरलो होतो तशी घाबरलेली घरं पुष्कळ आहेत.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, झोपेतच पक्षाघाताचा झटका आला. सकाळी उठायला गेले आणि डावी बाजू साथ देईना. झटका नेमका कधी आला हे कोणालाच सांगता येईना, त्यामुळे पहिल्या साडेचार तासांत द्यायचं गाठ विरघळवणारं इंजेक्शन देता आलं नाही. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा अडला होता. एकतीस वर्षं साताऱ्यात एसटीत कंडक्टर होते ते. पसरणी घाटाच्या वळणांवर गच्च भरलेल्या गाडीत काही न धरता उभं राहून तिकिटं फाडणारा माणूस, त्याला पलंगाच्या कडेला बसवलं की तो डावीकडे कलंडायचा.

तुम्ही फिजिओथेरपिस्ट म्हणून दुसऱ्या दिवशी वॉर्डात आलात तेव्हा मी तुमच्याशी भांडलेच. काल का आला नाहीत, काल का उभं केलं नाहीत, एक दिवस फुकट गेला, असं काय काय बोलले. तुम्ही माझ्या शेजारी बाकावर बसलात आणि सांगितलंत की पहिल्या चोवीस तासांत भरपूर उठबस करवली तर फायदा होईल असं डॉक्टरांनाही वाटायचं, पण दोन हजारांवर रुग्णांचा ‘अव्हर्ट’ नावाचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात उलट दिसलं. फार लवकर आणि फार जास्त उठवलेल्यांची अवस्था तीन महिन्यांनी काहीशी वाईटच निघाली. थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा, हे त्यातून हाती लागलं. माझा राग ऐकून घेऊन तुम्ही मला कारण दिलंत. त्या आठवड्यात मला कारण देणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

पाचव्या दिवसाचं लिहायलाच हवं. आप्पांना बसवताना मी आणि भाऊ डावीकडून आधार द्यायचो, आणि आम्ही जितकं सरळ करू पाहू तितकं ते धडधाकट उजव्या हाताने गादी दाबून स्वतःला डावीकडे रेटायचे. घाम फुटायचा आम्हाला. मामा म्हणाले, आजारपणात माणूस हट्टी होतो. मलाही तसंच वाटलं आणि मी आप्पांवर ओरडले. त्याचं अजून वाईट वाटतं.

तुम्ही आलात, बघितलंत आणि म्हणालात, “दोघांनी हात काढा.”

“पडतील ना!”

“मी आहे. पडू देणार नाही. पण आपण कलतोय हे त्यांना कळू दे.”

मग तुम्ही आम्हाला समजावलंत की हा हट्ट नाही, ‘पुशर’ म्हणतात याला. पायाला लकवा झाला तसा सरळ म्हणजे काय या जाणिवेलाच धक्का बसलाय. जर्मनीत ट्यूबिंगेनला कार्नाथ आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे मोजलं होतं: अशा रुग्णांच्या शरीराला जाणवणारी उभी रेघ सुमारे १८ अंशांनी कललेली असते. डोळ्यांना मात्र भिंत सरळच दिसते. म्हणजे अंग चुकीचं सांगतं आणि डोळे बरोबर सांगतात. आम्ही बाहेरून ढकलत होतो तेव्हा त्यांना आपण पाडले जातोय असं वाटत होतं, आणि पडू नये म्हणून ते जिवाच्या आकांताने उलट रेटत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही भावाला गवंड्याकडून ओळंबा आणायला लावलात. दाराच्या चौकटीला तो लटकवला आणि आप्पांना त्याच्यासमोर बसवलंत. चौकट सरळ आहे का? आहे. दोरा? सरळ. आणि तुम्ही? आप्पा बराच वेळ दोऱ्याकडे बघत राहिले. ओळंब्याचं पितळ हलायचं थांबलं. मग अडखळत म्हणाले, “मी... कललोय.” झटका आल्यापासून आपल्या शरीराबद्दल त्यांनी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

आणि मग तुम्ही विचारलंत, हे काय काम करायचे? मी सांगितलं. तुम्ही एक दोरी खिडकीच्या गजाला, उजवीकडे, हात जेमतेम पोचेल इतक्या उंच बांधलीत, तिला पूजेची घंटी अडकवलीत आणि म्हणालात, “आप्पा, गाडी सोडायची आहे. डबल द्या.” आप्पा उजवीकडे झुकले. दहा माणसांनी ढकलून जे झालं नसतं ते दोरीसाठी आपसूक झालं. दोनदा घंटी वाजली. आई बाहेर जाऊन रडली.

तेव्हापासून आमच्या व्यायामाच्या वहीला आप्पा ‘वेबिल’ म्हणतात, कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदासारखं. त्यात सगळं आहे. तोल मोजणाऱ्या बर्ग तपासणीचे गुण आहेत, १४ कामं, प्रत्येकाला चारपर्यंत गुण, एकूण ५६. पहिल्यांदा नऊ मिळाले. बसून उभं राहण्याच्या आकड्यांनी तर पानंच्या पानं भरली आहेत. त्यासाठी तुम्ही पलंगाच्या प्रत्येक पायाखाली दोन दोन विटा घालायला लावल्यात, कारण उंच जागेवरून उठणं सोपं. पाय मागे ओढायचे, डावा पाय उजव्याच्या जरा मागे म्हणजे भार त्याच्यावर यायलाच हवा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि मग उठायचं. तोवर आम्ही त्यांना काखेत हात घालून वर ओढत होतो. एकदा पाहुण्यांनी लकव्याच्या हाताला धरून उठवलं तेव्हा तुम्ही चिडलेल्या मी पाहिल्या. सैल पडलेला खांदा ओढला की सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो, हे तुम्ही त्यांना आणि आम्हाला सगळ्यांना उभं करून सांगितलंत. तिसऱ्या आठवड्यात एक वीट निघाली. सहाव्यात दुसरी.

दोन वजनकाट्यांची युक्तीही तुमचीच. एकेका काट्यावर एकेक पाय. आप्पांचं वजन ७२ किलो, त्यातलं ५४ उजव्या पायावर आणि १८ डाव्यावर. त्यांना वाटत होतं, आपण दोन्ही पायांवर सारखेच उभे आहोत. आकडा बघितल्यावर त्यांनी स्वतःहून डावीकडे भार टाकला, काटा २५ वर गेला आणि गुडघा थरथरायला लागला. मी धावले. तुम्ही मला नजरेनेच थांबवलंत. ज्या पायावर भार पडत नाही तो पाय काम शिकणार कधी, असं तुम्ही मागाहून म्हणालात. ती थरथर बघत हात बांधून उभं राहणं हे मी आयुष्यात केलेल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक होतं.

पैशांचंही सांगते. पुण्याच्या एका नातेवाइकांनी सुचवलं की वरून पट्ट्यांनी टांगून ट्रेडमिलवर चालवतात तिकडे न्या, नाहीतर चालणं येणार नाही. आम्ही आईच्या पाटल्या मोडायला निघालो होतो. तुम्ही अमेरिकेतल्या २०११ सालच्या अभ्यासाबद्दल सांगितलंत. ४०८ रुग्ण होते. काहींना टांगून ट्रेडमिलवर चालवलं, काहींना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. वर्षाने दोन्हीकडे जवळपास सारखीच सुधारणा होती, निम्म्याहून थोड्या अधिक लोकांचं चालणं वरच्या पायरीवर गेलं होतं. यंत्र वाईट नाही, पण त्याच्यावाचून अडत नाही, असं तुम्ही म्हणालात. स्वतःची फी वाढेल असं काही न सुचवता म्हणालात. पाटल्या आईच्या हातात आहेत.

पाऊल लोंबतं म्हणून ते वर धरून ठेवणारं स्प्लिंट आलं, तर ते बुटाशिवाय घालता येईना आणि आमच्या घरात देवघरासमोरून पायताण घालून कोणी गेलेलं नाही. आई अडून बसली. तुम्ही तिच्या श्रद्धेला एका शब्दाने दुखावलं नाहीत. घरातच राहणारा, उंबऱ्याबाहेर कधीच न जाणारा नवा जोड घ्यायला सांगितलात, आणि आईने त्याला पहिल्या दिवशी हळदकुंकू लावलं.

काठी उजव्या, म्हणजे चांगल्या हातात. आम्ही ती डाव्या बाजूला देऊ पाहत होतो, सगळेच तशी चूक करतात असं तुम्ही म्हणालात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. हे चारचारदा घोकून झालं. मग चालता चालता बोलायचं आलं. नुसतं चालताना आप्पा बरे चालायचे, पण कोणी हाक मारली की थबकायचे, झोक जायचा. तुम्ही त्यांना चालताना थांबे म्हणायला लावलेत: लिंब फाटा, आनेवाडी, पाचवड, वाई, पसरणी, दांडेघर, पाचगणी. पुढे सुट्ट्या पैशांचा हिशोब. तीन फुल दोन हाफ, पाचशेची नोट, परत किती? पहिल्या दिवशी पाचवडलाच पाय अडले. महिनाभराने महाबळेश्वरला पोचून परत फिरले.

चौथ्या महिन्यात ते न्हाणीच्या दारात पडले. मी किंचाळले आणि उचलायला वाकले, तर आप्पा म्हणाले, “थांब. खुर्ची आण.” तुम्ही त्यांना जमिनीवरून उठायचा सराव आधीच दिला होता. मला तेव्हा तो क्रूरपणा वाटला होता, लकव्याच्या माणसाला मुद्दाम खाली बसवायचं कशाला? कुठे लागलंय का ते त्यांनी आधी चाचपलं. मग चांगल्या कुशीवर वळले, कोपरावर आले, खुर्चीवर हात ठेवून गुडघ्यांवर आले, चांगला पाय पुढे टाकला. सात मिनिटं लागली. मी फक्त खुर्ची धरून होते. त्या दिवसानंतर त्यांच्या डोळ्यांतली पडायची भीती गेली, आणि खरं सांगते, माझ्यातलीही.

सगळं परत आलं नाही. डावा हात अजून मुठीत वळलेला आहे, आणि तो कितपत उघडेल यावर तुम्ही आम्हाला कधी खोटी आशा दाखवली नाहीत. हे सांगताना तुम्ही नजर चुकवली नाहीत, त्याचेही आभार. बर्गचे गुण आता ४६ आहेत. फाटकापासून तुळशीपर्यंत खडूने आखलेले दहा मीटर सुरुवातीला ४१ सेकंदांत व्हायचे, आता १४ लागतात. साडेबारापर्यंत आले, म्हणजे सेकंदाला ८० सेंटिमीटर वेग झाला, की रस्त्यावर मोकळेपणाने फिरता येईल असं तुम्ही म्हणालात.

गेल्या मंगळवारी आप्पांनी तुम्हाला विचारलं की एसटीत काही न धरता कधी उभं राहता येईल. “अजून नाही,” तुम्ही म्हणालात. ते रुसले नाहीत. तुम्ही गेल्यावर त्यांनी वेबिल मागून घेतलं, नव्या पानावर ‘सातारा ते वाई, उभ्याने’ असं लिहिलं आणि तारखेची जागा मोकळी सोडली.

तुमची,
आप्पांची मुलगी