डीपीच्या पेट्या रंगवा, पण जरा नीट

संपादक साहेब, नमस्कार.

फुटपाथवरच्या विजेच्या डीपीच्या आणि सिग्नलच्या पेट्या आपल्याकडे फक्त क्लासच्या जाहिराती आणि पानाच्या पिचकाऱ्यांसाठीच ठेवल्यात की काय असं वाटतं. मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा १९९५ पासून आहे, पण चिकटवणाऱ्यांना त्याचं काहीच नाही. तिकडे ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये १९९९ पासून आणि आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये २०१५ पासून सिग्नलच्या पेट्या लोकांनाच रंगवायला देतात, आधी डिझाइन मागवतात, पसंत पडलं की मग ब्रश हातात.

आमच्या गल्लीतल्या पोरांनीही हौसेने एक पेटी रंगवली, गेरूच्या रंगावर पांढरी वारली, तारपा वाजवणारा आणि भोवती नाचणारी माणसं, दिसायला एकदम झकास! पण त्या नादात धोक्याची कवटी आणि पेटीचा नंबर दोन्ही गायब, आणि हवेच्या फटीत रंग भरलेला. आता फॉल्ट आला तर तक्रार करताना कुठला नंबर सांगायचा? शिवाय गंज न घासता, प्रायमर न मारता थेट रंग, त्यामुळे पहिल्याच पावसात पापुद्रे निघाले.

पोरांना नावं ठेवत नाही, निदान काहीतरी केलं त्यांनी. पण वीजवाल्यांनी आणि पालिकेने मिळून साधी परवानगीची पद्धत ठेवावी, रंगवताना एक लाइनमन समोर हवा, दरवाजा, फटी, नंबर सोडून रंगवायचं, वरून क्लिअर कोट. आणि हो, नेत्यांचे फोटो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा त्यावर अजिबात नकोत.

– एक वाचक, पुणे